घाई नसलेले कॅप्टन

साहेब मोटारीत बसून दिसेनासे झाले, की कॅप्टन विमानाच्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसत, खिशातून एक जाड रबर काढत आणि ते पँटच्या उजव्या मोहरीवर चढवत. पांढराशुभ्र शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, आरशासारखे बूट, आणि खाली भाजीच्या जुडीला असावं तसं ते रबर. मग सामानाच्या कप्प्यातून घडीची सायकल बाहेर येई. तिचे सांधे टकटक बसवत ते माझ्याकडे पाहून म्हणत, "चला भाऊ. घाई साहेबांना आहे, आपल्याला नाही."

गोंदियाजवळच्या धावपट्टीवर खासगी विमानं उतरली की त्यांची देखरेख करणं हे माझं काम. चाकांना अडसर लावायचे, इंधनाचा टँकर बोलवायचा, पाहुण्यांच्या गाड्या आणि वैमानिकांचे डबे पाहायचे. तुम्ही कधी अशा धावपट्टीच्या कुंपणाशी उभे राहिला असाल, तर विमान चालवणाऱ्या माणसाचं आयुष्य ढगांत जातं असंच तुम्हाला वाटलं असेल. मी जवळून पाहिलं, तेव्हा कळलं की कंपनीचं विमान चालवणाऱ्याचं निम्मं आयुष्य प्रतीक्षालयातल्या सोफ्यावर जातं. मालक कामाला जातो. तो दुपारी परतेल, संध्याकाळी परतेल, की आत्ता पाच मिनिटांत, हे त्यालाही ठाऊक नसतं. बाकीचे वैमानिक ही वाट मोबाईल पाहत काढत. कॅप्टन ती सायकलवर काढत.

ती सायकल विमानात येते हे साहेबांना बऱ्याच उशिरा कळलं. एकदा घरच्यांच्या बॅगा मावेनात, तेव्हा त्यांनी विचारलं, "ये किसका सामान है?"

"माझं, सर. जीवरक्षक साहित्य."

साहेब हसले. त्या दिवशी एक बॅग मांडीवर घेऊन बसायची वेळ त्यांच्या मेहुण्यावर आली.

आजूबाजूच्या गावांत कॅप्टनना कोणी वैमानिक मानत नसे, आणि त्याचं त्यांना फार सुख होतं. सायकल कुठल्याही ओट्याशी टेकवून ते बसत. बायका विचारत, "का जी, आज कोनाले आनलं?" जणू ते जीपने वऱ्हाड घेऊन आले होते. ते तितक्याच गंभीरपणे सांगत, "मालकाला आणि मालकाच्या सीएला." ते कधी कुणाची चूक दुरुस्त करत नसत. मला ही सवय नाही. मी माणसांना हळू आवाजात का होईना, पण दुरुस्त करत आलो आहे, आणि त्यांच्या शेजारी बसून मला त्याची अनेकदा लाज वाटली.

त्यांचं खरं वेड मात्र मोटारसायकलचं. नागपूरला त्यांच्या घरी, किकनेच सुरू होणारी एक जुनी गाडी होती. सुट्टी मिळाली की ते तिच्यावरून इकडे येत आणि मला मागे बसवून नेत. एकदा आम्ही नवेगाव बांधला निघालो होतो. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहाला थांबलो, तर शेजारच्या बाजेवरचा ट्रक ड्रायव्हर गाडीकडे पाहून खूश झाला.

"तुमी बी ड्रायव्हर का जी?"

"हो," कॅप्टन म्हणाले.

"कोनती चालवता?"

"मालकाची."

"पगार टाइमावर देते का?"

"देतो."

"मंग बरा हाय मालक. सोडू नका." त्याने आमच्या चहाचे पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत. "आपला धंदा एकच," म्हणाला. कॅप्टनच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता, तो कुठल्या मोठ्या माणसाने त्यांच्याशी हात मिळवला तेव्हाही मी पाहिला नाही.

त्या दिवशी तलावाच्या पाळीवर आम्ही बराच वेळ बसलो. समोर ढिवर जाळं ओढत होते. कॅप्टन म्हणाले, "हा तलाव मी वरून कितीदा पाहिलाय. घोटभर पाणी पिऊन बाटलीचं झाकण लावेपर्यंत मागे पडतो. वास मात्र आजच आला." ओल्या जाळ्यांचा, शेवाळाचा, पाळीवरच्या मोहाचा तो वास. आम्ही इथले, तो वेगळा काही असतो हे आमच्या ध्यानातही नसतं.

तिथेच त्यांनी मला त्यांच्या भीतीबद्दल सांगितलं. वैमानिकाला ठरावीक महिन्यांनी डॉक्टरांपुढे उभं राहावं लागतं. डोळे, कान, हृदय. शरीराच्या एका भागाने नाही म्हटलं, की सगळं संपतं. "निवृत्तीला अजून काही वर्षं आहेत, भाऊ. तोवर उडायचंय. मला दुसरं काही येत नाही. घरी बसलो तर बायकोला भाज्यांचे भाव विचारत फिरेन." ते हसले, पण लगेच थांबले. "डॉक्टर त्यांच्या तारखेला तपासतात. मी दर खेपेला तपासतो."

"कसं?"

"स्लो सायकलवर."

स्लो सायकल आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. रात्री दंडार, म्हणजे गावकऱ्यांचं नाटक असतं, आणि दुपारी तरुण मंडळ ही शर्यत ठेवतं. चुन्याने आखलेल्या अरुंद पट्ट्यातून सायकल न्यायची. जो सर्वांत शेवटी पोचेल तो जिंकला. पाय टेकला की बाद, रेघ ओलांडली की बाद. गंमत म्हणून पाहणाऱ्याला ती पोरखेळ वाटते. पण वेग गेला की सायकलला उभं राहायला चालवणाऱ्याखेरीज कसलाच आधार उरत नाही, आणि मग माणसाचा तोल जसा आहे तसा सर्वांसमोर येतो.

कॅप्टन दर खेपेला, साहेब परतण्याआधी, धावपट्टीबाहेरच्या रस्त्याच्या पांढऱ्या कडेवरून अगदी मुंगीच्या चालीने सायकल नेत. पाय टेकला नाही, की रबर काढून खिशात ठेवत आणि विमानाकडे वळत.

"आणि टेकला तर?" मी विचारलं होतं.

"तर विमान दुसऱ्याने न्यावं."

शेजारच्या गावच्या मंडईतल्या शर्यतीतही ते उतरत. तारीख जमली तर. तिथे त्यांचा प्रतिस्पर्धी होता डुलीचंद. दुधाचे कॅन लावलेल्या सायकलवर त्याचा जन्म गेलेला, त्यामुळे दूध न सांडता उभं राहणं त्याला सहज येई. दोघांत दर वेळी अटीतटीचा सामना होई. एका वर्षी कॅप्टन जिंकले तेव्हा डुलीचंद म्हणाला, "तुमचं इमान बी असंच चालवता का जी? मंग तुमचे साहेब पोचतेत तरी कवा?"

मागच्या मंडईलाही तारीख जमली. साहेब सकाळी उतरून एका बैठकीला गेले होते. चारपर्यंत परतणार होते, आणि अंधाराआधी उड्डाण व्हायचं होतं. बाहेर सगळीकडे धानाची कापणी चाललेली. कॅप्टन आणि मी दुपारी गावात गेलो. जिलेबीची दुकानं, फुगे, भोंग्यावर ओरडणारा मंडळाचा अध्यक्ष. एकेक गडी बाद होत शेवटी पट्ट्यात दोघेच उरले.

डुलीचंद ओठ दाबून चालला होता. कॅप्टन नेहमीसारखेच, खांदे सैल, नजर पुढे. अर्ध्या वाटेवर त्यांची सायकल थबकली. ती नेहमीच थबके. तीच त्यांची कला होती. पण या वेळी ती किंचित डावीकडे गेली, आणि त्यांचा डावा पाय जमिनीवर आला.

पोरांनी एकच गिल्ला केला. "सोडली! कॅप्टनसाहेबानं सोडली!" जिंकलेला डुलीचंद मात्र चिडला.

"काऊन जी, मले भीक देऊन राह्यले का? खेळा तर बरोबर खेळा!"

"नाही रे, तू जिंकलास," म्हणत त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचा तळवा घामाने भिजला होता, हे डुलीचंदने मला नंतर सांगितलं.

ते मला शाळेच्या भिंतीमागे घेऊन गेले. तिथे कोणी नव्हतं. "भाऊ, जमीन सरकली," ते म्हणाले. "अगदी थोडी. पण सरकली." भिंतीच्या कडेने ते पुन्हा सायकलवर बसले. पाय टेकला. पुन्हा बसले. पुन्हा डावीकडेच. मी म्हटलं, "उन्हाचं असेल. सकाळपासून तुम्ही काही खाल्लं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जे म्हणत होतो आणि जे म्हणत नव्हतो, ते दोन्ही त्यांना कळलं असावं. कोणी पाहिलेलं नाही, साहेब यायचे आहेत, दीड तासाचा प्रवास, वर गेल्यावर तसंही यंत्रच चालवतं. हे सगळं मनात यायला मला क्षणही लागला नाही. त्यांच्याही मनात ते आलं असेल. आलं नसेल असं मी म्हणत नाही.

मग ते म्हणाले, "तुम्ही सायकल धरा. मी चालत येतो."

साहेब चारच्या आधीच आले. कॅप्टनसोबत उडणारी तरुण सहवैमानिक मुलगी विमानाजवळ तयार उभी होती. कॅप्टननी शिडीपाशीच साहेबांना गाठलं आणि एका वाक्यात सांगितलं. आज मी विमान नेऊ शकत नाही.

साहेबांना आधी कळेचना. कळलं तेव्हा ते हसले. "अरे कॅप्टन, साइकिल से पैर टिका है, प्लेन से तो नहीं गिरे!"

"सर, सायकलवर मी एकटाच होतो."

"को-पायलट है ना?"

मुलीने कॅप्टनकडे पाहिलं. "सर, मी नेते. तुम्ही फक्त शेजारी बसा," ती हलकेच म्हणाली.

"मी नुसता शेजारी बसणारा असेन, तर तू एकटी आहेस," ते म्हणाले. "आणि एकटीला न्यायची परवानगी नाही."

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांना रात्री कुठेतरी पोचायचं होतं. तीच मोटार पुन्हा मागवून ते नागपूरच्या रस्त्याला लागले. जाताना काच खाली करून एवढंच म्हणाले, "सोच लो. लिख के दोगे तो वापस नहीं होगा."

"दिलं आहे, सर," कॅप्टन म्हणाले. गावातून चालत येताना त्यांनी मोबाईलवरून कंपनीच्या ऑफिसला 'मी उडायला योग्य नाही' असा लेखी निरोप पाठवूनही टाकला होता. मन बदलायची सोय त्यांनी स्वतःसाठी ठेवली नव्हती.

त्या रात्री ते आमच्याकडे जेवले. हिने वांग्याची भाजी आणि भात केला होता. त्यांनी दोनदा भात मागून घेतला, मंडईची गंमत सांगितली, डुलीचंदची नक्कल केली.

नंतरचं तुम्हाला थोडक्यात सांगतो. डॉक्टरांनी कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागाचा आजार सांगितला. औषधाने तो आटोक्यात राहतो, पण परवाना परत मिळत नाही. मोटारसायकल त्यांनी पुतण्याला दिली. अधूनमधून त्यांचा फोन येतो. "आता पायीच, भाऊ," ते म्हणतात. "याहून हळू काही सापडलं नाही." गोंदियाला या म्हटलं की 'येतो' म्हणतात, पण आले नाहीत. सोफ्यावर आता दुसरे कॅप्टन बसतात. चांगले आहेत, अदबीने बोलतात. त्यांना इथल्या एकाही गावाचं नाव ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असायलाच हवं असंही नाही.

मला आठवते ती मात्र मंडईच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. नागपूरहून बदली वैमानिक आला. आमच्या कॅप्टननी त्याच्यासोबत विमानाभोवती एक फेरी मारली. कुठला दरवाजा जरा ओढून लावावा लागतो, डावा ब्रेक कसा लवकर धरतो, सगळं सांगितलं. सहवैमानिक मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्यासोबत कुंपणाबाहेर येऊन बांधावर उभे राहिले. बांधापलीकडे बायका वाकून धान कापत होत्या.

विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, थांबलं. इतक्या वर्षांत त्यांनी हेच विमान शेकडो वेळा उडवलं होतं, पण ते उडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते सदैव आत असत. इंजिनं चढू लागली. मी पाहिलं, इंजिनाचा दांडा पुढे रेटावा तसा त्यांचा उजवा हात कुंपणाच्या तारेवरून आपोआप पुढे सरकत होता.

विमान आमच्यासमोरून गेलं आणि चाकं सुटली. आवाज छातीत शिरला. "एवढा आवाज करतं हे?" ते ओरडून म्हणाले. "मला कधी कुणी सांगितलं नाही!"

बांधाजवळच्या बाईने मान वर केली. तिला विमानाचं नवल नव्हतं. नवल होतं ते ताठ उभं राहून आभाळाकडे पाहणाऱ्या या माणसाचं.

"का पाहून राह्यले जी? रोजचंच हाय ते."

"मी पहिल्यांदाच बघतोय, बाई," कॅप्टन म्हणाले.

तिने त्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. विळा खांद्याला लावून ती कमरेतून सावकाश सरळ झाली, डोळ्यांवर हात धरला, आणि ते विमान दिसेनासं होईपर्यंत त्यांच्यासोबत पाहत उभी राहिली.