वर्षालीच्या गाडीची दुसरी चावी

माझी धाकटी जाऊ वर्षाली हिच्याबद्दल आमच्या गावात कुणी वाईट बोलत नाही, हाच माझा तिच्यावरचा पहिला राग. पिंपळे गुरवची पोरगी, डिप्लोमा केलेली, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. समर्थ भावोजींशी लग्न करून आमच्यात आली तेव्हा मी मनात म्हटलं, दोन महिने टिकेल, मग नवऱ्याला घेऊन फ्लॅटमध्ये जाईल. गेली नाही. गोठ्याच्या वासाला नाक मुरडलं नाही, सासूबाईंना उलट बोलली नाही. आणि सहाव्या वर्षी स्वतःच्या पगारातून पांढरी गाडी घेतली. चालवायचीही स्वतःच.

हौस मलाही आली होती एकदा. आमच्या ह्यांनी, गोरक्षनी, मित्राची गाडी आणून एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर मला शिकवायला बसवलं आणि दुसऱ्या गिअरलाच एवढे ओरडले की मी दार उघडून चालत घरी आले. तो विषय तिथंच संपला.

पण गाडीपेक्षा सासूबाईंचं जास्त लागलं. अठरा वर्षं त्यांचे गुडघे मी चोळले. पथ्याचं मी रांधलं. आणि वर्षाली पंधरा दिवसांतून एकदा त्यांना पिंपरीच्या दवाखान्यात न्यायची, तर पुढच्या सीटवर बेल्ट लावून ऐटीत बसायच्या. परत आल्या की शेजारच्या तानुबाईला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "माजी सून गाडी अशी चालवती, पोटातलं पानी हालत न्हाई." माझी सून म्हणजे ती. मग मी कोण?

आता चावीचं सांगते. आमच्या चार घरांचं अंगण एकच आणि बाहेर पडायला वाटही एकच. कुणाची फर्स्ट शिफ्ट, कुणाची थर्ड. पुढची गाडी सरकवल्याशिवाय मागची निघत नाही. म्हणून सगळ्यांच्या गाड्यांची दुसरी चावी आमच्या दाराआडच्या खिळ्यांवर असते. झोपलेल्याला उठवायचं नाही, चावी घ्यायची, गाडी हलवायची, चावी परत लावायची.

वर्षाली कामाला कंपनीच्या बसनं जायची. गाडी अंगणात सगळ्यात आतल्या कोपऱ्यात उभी. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की मी तिची चावी घेऊन गाडीत जाऊन बसायचे. काचा वर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. कधी गाडी सुरू करून एसी लावायचे. कुठं जायचं नसायचं मला. दहा मिनिटं बसायचे आणि उतरताना पदरानं हँडल पुसायचे. खिळ्यावरून काढताना कुणी बघेल म्हणून चावी मी कपाटात साड्यांच्या घडीत ठेवायला लागले. कोपऱ्यातली गाडी कुणाला हलवावी लागत नव्हती, त्यामुळे रिकामा खिळा कुणाच्या डोळ्यांवर आला नाही.

मार्चमध्ये वर्षाली सासूबाईंना घेऊन दापोडीला त्यांच्या बहिणीकडे गेली. रेल्वेजवळच्या गल्लीत गाडी लावली, जेवून खाली येतात तर गाडी गायब. पोलिसांत तक्रार झाली, विमा कंपनीला कळवलं. दोघी रिक्षानं घरी आल्या तेव्हा वर्षालीचे डोळे सुजले होते. मी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. आणि खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटत होतं. आता बसा म्हटलं पुढच्या सीटवर!

चार दिवसांनी समर्थ भावोजी चावी न्यायला आले आणि खिळ्यासमोर उभे राहिले.

"वहिनी, वर्षालीच्या गाडीची चावी?"

"असेल की तिथंच."

"न्हाई ना. क्लेमला दोन्ही ओरिजिनल चाव्या मागितल्यात. एक नसली तर म्हणणार, चावी गाडीतच ठेवून गेला होता. न्हाईतर गाडी तुम्हीच विकली."

"मला काय माहीत? चार घरांतली माणसं चाव्या काढतात."

तुम्हीच विकली. गावभर नावाजलेली वर्षाली आणि तिच्यावर चोरीचा संशय. हे मी दोन दिवस मनात गुळासारखं चघळलं. बाहेर घर पालथं घालणं चाललं होतं. एकदा वाटलं, गुपचूप परत लावून टाकावी. पण भावोजींनी एकेक खिळा तीन-तीनदा चाचपला होता. आता तिथं सापडली असती तर बोट माझ्याकडेच आलं असतं.

तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "माज्याच हातनं कुटं पडली आसंल. पोरीचं वाटोळं केलं म्या." आणि दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसून वैरणीत हात घालून चावी शोधायला लागल्या. मी दारातून बघत होते. तरी चावी साड्यांच्या घडीतच राहू दिली.

शनिवारी विमा कंपनीनं चौकशीला माणूस पाठवला. ज्योतीराम नाव, बोलणं लातूरकडचं. सगळे बैठकीत जमले. त्यानं कागद तपासले, एक चावी घेतली आणि म्हणाला, "दुसरी नसंल तर तसं लिहून द्या, मॅडम. पुढं मग माझ्या हातात काई नाई."

वर्षालीनं पेन घेतलं. मी मागून वाचलं. 'दुसरी चावी माझ्या निष्काळजीपणामुळे हरवली आहे.' ना खिळ्याचं नाव, ना आमच्या घराचं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकं चांगलं असायची काय गरज आहे? केलं मी, आणि तेही हिच्याच नावावर जाणार? ते तरी माझं असू दे! तशीच उठले, कपाटातून चावी आणली आणि कागदावर आपटली.

"माझ्याकडं होती."

"तुमच्याकडं कशी काय?" ज्योतीरामनं विचारलं. आमचे हे माझ्याकडे बघायला लागले.

"मीच दिली होती ताईंना," वर्षाली म्हणाली. लिहिलेला कागद तिनं शांतपणे फाडला. "मी बसनं जाते, गाडी आठवडाभर उभी. बॅटरी उतरू नये म्हणून दुपारी ताई सुरू करून ठेवायच्या. माझ्या लक्षातच राहिलं नाही."

"आगं, मंग बोलायचं न्हाई व्हय!" सासूबाई तिच्यावरच करवादल्या.

ज्योतीरामनं दोन्ही चाव्या पाकिटात घातल्या, सह्या घेतल्या आणि तो गेला. मी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकले. वर्षाली कपबशा घेऊन मागोमाग आली.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीपासून. मी उंच ना ताई, माझी सीट पार मागं असते. रविवारी बसले की ती पुढं ओढलेली, गुडघे स्टिअरिंगला लागायचे. आणि दुपारी घरी तुम्हीच असता."

"म्हणजे या चार दिवसांत चावी कुठंय ते ठाऊक होतं तुला?"

"हो."

"मग मागितली का नाहीस?"

तिनं नळ सोडला. "मागितली असती आणि तुम्ही नाही म्हणाला असता, तर पुन्हा तुमच्या हातचं कसं जेवले असते मी?"

पुढं क्लेम मंजूर झाला. नवी गाडी आली, हीही पांढरी. सासूबाई पुन्हा पुढच्या सीटवर बसतात, आणि त्याचा त्रास मला आता पूर्वीइतका होत नाही. चावी कुठं आहे ते माहीत असून, स्वतःवर चोरीचा आळ येत असताना ती चार दिवस माझ्या पंगतीला बसून जेवली. मला सात जन्मांत हे जमलं नसतं. जळते मी अजून तिच्यावर, पण आता ह्याच्यासाठी.