वहिनीचे कान

खंडेनवमीला एखाद्या वर्कशॉपवरून जाताना झेंडू आणि मशीनच्या तेलाचा मिसळलेला वास येतो आणि माझी पावलं आपोआप मंदावतात. माझ्या लेखी तो थोरल्या भावाचा वास. एकोणीसशे सत्तरच्या आसपास तो पिंपरीतल्या एका कंपनीत, जाड पत्रा एका दणक्यात वाकवणाऱ्या प्रेसवर होता. त्या दणक्यांनी त्याचे कान भर तारुण्यातच मंदावले. आणि देवाघरची गंमत बघा, बायको मिळाली ती नको तितक्या तिखट कानांची.

ताटावर पळी आपटली तरी वहिनीच्या अंगावर शहारा येई; कुकरची शिट्टी होणार म्हटलं की ती घराबाहेर पळे. चाळीतल्या बायका म्हणत, "नखरे, दुसरं काय!" मी तेव्हा भाऊ-वहिनीकडे राहून शिकत होतो, आणि सांगायला लाज वाटते, पण मलाही तसंच वाटे. भावाने मात्र तिला कधी एका शब्दाने दुखावलं नाही. भांड्यांखाली जुन्या चादरीच्या घड्या घातल्या, दाराच्या कडीला चिंधी गुंडाळली, कुकर शेजारणीला देऊन टाकला. सगळ्यांत अवघड होतं हळू बोलणं. कमी ऐकणाऱ्याला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. म्हणून तो गळ्यावर दोन बोटं ठेवून बोलायला शिकला. गळा जास्त थरथरला की आवाज खाली. असा नवरा मी दुसरा पाहिला नाही.

तरी वहिनीने दसरा झाला की कायमचं माहेरी, मावळात जायचं ठरवलं. "माझ्यापायी तुमचं हाल बघवत न्हाईत," म्हणाली. जाण्याआधी एकदा त्याचं मशीन तेवढं बघायचं होतं. खंडेनवमीला मशिनं बंद असतात, पूजेला घरची माणसं येतात. म्हणून भाऊ आम्हा दोघांना निर्धास्तपणे घेऊन गेला.

वहिनीने प्रेसला हळद-कुंकू वाहिलं. तेवढ्यात भावाचा एक जोडीदार कौतुकाने म्हणाला, "राव, वहिनी पहिल्यांदाच आल्यात, एक स्ट्रोक मारून दाखवू की, पत्रा कसा वाकतो तो!" भाऊ पाठमोरा होता, त्याला ऐकूच गेलं नाही. मोटर फिरू लागली तशी फरशीची थरथर त्याच्या तळपायांना कळली. तो वळला, झेपावला आणि त्याने तिचे दोन्ही कान तळव्यांनी झाकले. दणका बसला. माझे डोळे गच्च मिटले होते. उघडून बघतो तर वहिनीचे तळवे त्याच्या कानांवर.

"येवढं रोज सोसताय व्हय?" तिला हुंदका आवरेना. "मग शांत घर माझ्यापरीस तुमालाच पायजे. न्हाई जायाची मी."

नाहीच गेली. चाळ जाऊन तिथे मोठाल्या इमारती आल्या, दारापुढचा रस्ता दिवसभर गाड्यांनी कोकलतो. सगळं बदलतं, आपण हळहळतो आणि पुढे चालू लागतो. भावाला आता अगदी कानाशी ओरडलं तरच थोडंफार कळतं. परवा सकाळी गेलो तेव्हा वहिनी, स्वतःच्या कानांत कापसाचे बोळे घालून, त्याला मोठ्यामोठ्यानं पेपर वाचून दाखवत होती.