ट्यूबलाइटखालचा वेग

छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र घ्यायचं ठरलं, तेव्हा माझ्या अंगात नको तितका उत्साह संचारला. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात माझी सगळी नोकरी मीटर वाचण्यात गेली. माणूस खोटं बोलेल, काटा बोलणार नाही, असं मी घरीदारी ऐकवत असे. घरचे कंटाळले होते, पण ऐकून घेत.

मुलगी नागपुरात एअर रायफल चालवते. राज्याच्या संघाची निवड महिन्यावर आली आणि तिचे छर्रे खालीवर लागू लागले. "माझा श्वास चुकून राहिला, बाबा. रायफल ठीक आहे," ती म्हणाली. मी कसला ऐकतोय! रायफलच छर्ऱ्याला कमीजास्त वेग देत असणार, असं मी धरून चाललो. दोन यंत्रं पाहिली. एक चिमुकलं, नळीच्या तोंडाशी अडकवायचं, स्वतःचा उजेड असलेलं. ते मला खेळणं वाटलं. दुसरं तिवईवरचं, वरून पडणाऱ्या उजेडात छर्ऱ्याची सावली टिपून वेग सांगणारं. चांगलं ऐटदार होतं. मी ऐटीला भुललो.

रेंजवर ते ट्यूबलाइटखाली मांडलं. दर छर्ऱ्याला वेगळाच आकडा. सांगायला लाज वाटते, पण मला आनंदच झाला.

"पाहिलं? रायफलमध्येच दोष आहे."

"बाबा, मी रोज चालवते. मले समजते न."

"तुले समजते, अन् यंत्राले समजत नाही काय वं?"

रायफल दुरुस्तीला धाडली. ती वेळेत परत आली नाही. मुलगी क्लबची उसनी रायफल घेऊन निवडीला उतरली आणि तिची निवड थोडक्यात हुकली.

मग रायफल आली. सोबत कारागिराची चिठ्ठी होती, दोष नाही म्हणून. मी हट्टाने पुन्हा त्याच ट्यूबलाइटखाली यंत्र मांडलं. आकडे पुन्हा नाचले. तेवढ्यात लाइट गेली. यंत्रावर आता खिडकीतला दुपारचा उजेड तेवढा होता. त्यात तिने पाच छर्रे झाडले. पाचही आकडे जवळपास सारखे.

ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते, हे मी नोकरीत नव्यांना शिकवलेलं. त्या लुकलुकीनेच यंत्र फसत होतं. ऐन वेळी माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, या विचाराने आजही संताप येतो, आणि तो दुसऱ्या कोणावर काढायची सोय नाही.

"तुझंच बरोबर होतं," मी म्हणालो.

ती रायफल पेटीत ठेवत होती. "आता कोणाले सांगून राहिले, बाबा? निवड तर होऊन गेली."