न वाळलेली पानं

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काही मी कधी मानलं नाही. मानणार कशी? तंजावूरच्या कॉलेजात बॉटनी शिकवत होते ना! तीस-बत्तीसची, मोठा चष्मा, त्याहून मोठा तोरा. आज ती बाई भेटली तर कान पिळीन तिचा.

केबल टीव्ही नुकता आला होता, गावाबाहेर प्लॉट पडत होते. वल्लमच्या बाजूला अय्यनार देवाचं जुनं रान होतं — खिरणी, अंजनी, वाटेवर नवसाचे मातीचे घोडे. सरकारी कागदावर मात्र ‘पडीक’! झाडांची यादी आणि वाळवलेले नमुने महिन्याभरात द्या, मग रान आहे की नाही ते बघू, असं ऑफिसनं सांगितलं. काम माझ्याकडे आलं.

त्या रानातलं काही बाहेर न्यायचं नाही, अशी रीत. नवसाचा पोंगल-भातसुद्धा तिथल्याच वाळक्या काटक्यांवर तिथेच शिजवायचा. ते घोडे घडवणारा कुंभारच तिथला पुजारी. तो म्हणाला, “अम्मा, आधी देवाला विचारा.”

“देव सही करणार आहे का यादीवर?” मी म्हटलं. काय ती अक्कल!

बारा झाडांच्या डहाळ्या आणल्या, वर्तमानपत्रांत घालून लाकडी प्रेसमध्ये आवळल्या. आठवड्यात पानं वाळतात. ही वाळेनात. रोज कागद बदलले, उन्हात ठेवलं... विसाव्या दिवशीही नुकतं खुडल्यासारखी हिरवीगार! देठातून चीक येत होता.

माझी मोठी नणंद, अक्का, म्हणाली, “तशीच ने की गं! दाखव त्यांना.”

“ओले नमुने? हसतील मला.”

“हसू देत. तुझं काय झिजतंय?”

नाही नेले. ‘नमुने खराब झाले, मुदत वाढवावी’ असं इंग्रजीत ऐटदार पत्र लिहिलं. मुदत मिळाली नाही; रान कागदावर ‘पडीक’च राहिलं.

दोन महिन्यांनी एका सकाळी मी कॉलेजात होते. परतले तर अक्का दारातच, पांढरीफटक. “अकराच्या सुमारास तुझ्या त्या पानांच्या पेटाऱ्यात कडकड वाजलं गं... मी हात नाही लावला.”

प्रेसचे पट्टे सोडले. आदल्या संध्याकाळी हिरवी असलेली पानं — सगळा भुगा. बोट लावलं तर उडाला.

संध्याकाळी पुजारी आला. हातात मातीच्या घोड्याचं नुसतं डोकं. “अकरा वाजता मशीन आलं, अम्मा. पहिली खिरणीच पाडली.” ते डोकं उंबऱ्यावर ठेवून निघून गेला. रागावला असता तर बरं झालं असतं.

आता तिथे चार गल्ल्या आहेत. सावली म्हणून एक टपरीचं छप्पर. नात मला तमिळ रीतीनं आजीला ‘पाटी’ म्हणते; विचारते, “पाटी, पानं का वाळली नाहीत?” मी मायक्रोस्कोपखाली पाहिलं, जाणत्यांना विचारलं, पुस्तकं चाळली... आजही माहीत नाही.

ती तशीच ओली मी ऑफिसात का नेली नाहीत, हे नात विचारत नाही. ते मला माहीत आहे.