ओळखीचे हात

सशांना मारायच्या दिवशी मी अंगाला अत्तर लावून गेलो. प्राणिगृहाचा वास घरापर्यंत येतो अशी बायकोची तक्रार होती. म्हटलं, आधीच बंदोबस्त केलेला बरा.

आमच्या म्हैसूरच्या प्रयोगशाळेत जनावरांच्या डॉक्टर होत्या अक्का. घराणं शिंप्यांचं, कित्येक पिढ्या इथलंच. त्यांचं वाक्य मराठीत निघायचं आणि शेजारच्या कृष्णराजनगरला पोचेपर्यंत कन्नड व्हायचं. गजरा नाही, पावडर नाही. म्हैसुरात राहून चंदनाच्या साबणाशी वैर धरणारी ती एकच बाई असावी. सशांना आपला वास रोज तोच यायला हवा, एवढंच कारण.

ज्यानं चारा घातला, त्यानंच शेवटचं इंजेक्शन द्यायचं, हा त्यांचा नियम. परक्या हातात जनावर घाबरतं. "मरायचं तर आहेच की रे त्यांना. वर भीती कशाला?" त्यामुळे दर प्रयोगाच्या शेवटी ते काम त्यांच्याच वाट्याला. त्या दिवशी घरी नात मांजर पुढं करायची, तर अक्का हात पाठीमागं घ्यायच्या.

निवृत्ती जवळ आली तेव्हा मला म्हणाल्या, "आता माझ्यानं होत नाही. तू रोज स्वल्प वेळ येऊन बस. काही करू नको, सुम्ने बस. ओळख होऊ दे."

मी दोन दिवस नुसता बसलो. तिसऱ्या दिवशी एका सशानं माझ्या मनगटावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. चौथ्या दिवसापासून मला भयंकर महत्त्वाच्या मीटिंगा निघाल्या.

मग तो दिवस आला. अक्कांना मोठ्या रुबाबात घरी बसवून मी घमघमत पिंजऱ्यात हात घातला. ससा किंचाळतो हे मी वाचलं होतं, ऐकलं नव्हतं. तान्ह्या मुलासारखा आवाज. बाकीचे जाळीवर धडका देऊ लागले. मी बाहेर पळालो आणि अक्कांना फोन केला.

जयलक्ष्मीपुरमहून त्या रिक्षानं आल्या. दार लावून घेतलं. आतून त्यांचं कन्नड पुटपुटणं ऐकू येत राहिलं, मग तेही थांबलं. बाहेर आल्यावर त्या बराच वेळ नळाखाली हात धरून उभ्या होत्या.

पुढच्या खेपेपासून मी रोज बसू लागलो. ते काम आता माझंच आहे. त्या दिवशी घरी आलो की बायको आधी नळ सोडून देते.

अक्का शेवटच्या आजारात होत्या तेव्हा भेटायला गेलो. हे ओझं आपण याच्या गळ्यात घातलं, हे त्यांना खात होतं. "फार त्रास होतो का रे?" त्यांनी विचारलं. बाईला निदान निश्चिंत जाऊ द्यावं म्हणून मी शहाणपणा केला. हसून म्हणालो, "छे हो अक्का. आता काहीच वाटत नाही."

त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं.

"मग सोड ते काम. तुझ्या हातात मी उंदीरसुद्धा दिला नसता."