गरम देशाची लाइन

"लायनीला हात लावू नका!"

रविवारी सकाळी आमच्या गल्लीत ही आरोळी उठली की दूधवाला गाडीसकट मागे सरकायचा. आरोळी देणारा माणूस, म्हणजे आमच्या शेजारचे चाचा, उभा जन्म वीज मंडळात लाइनमन होता. त्याने असं म्हटल्यावर कोल्हापुरातला कुठलाही शहाणा माणूस आधी हात वर घेतो आणि मग काय झालं ते विचारतो. इथे मात्र विजेचा काही संबंध नसायचा. चाचांच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या कडुनिंबापर्यंत एक पिवळी दोरी ताणून बांधलेली असायची आणि चाचा ओलं फडकं घेऊन तिच्या कडेने हळूहळू चालत असायचे.

दोरी म्हटलेलं त्यांना चालत नसे. तंगूस, म्हणजे गळाचा साधा नायलॉनचा धागा, म्हटलेलं तर मुळीच नाही. ती मासे धरायची फ्लाय लाइन होती आणि गळ टाकून बसणाऱ्या सामान्य जनतेशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. निवृत्तीनंतर माणसं माश्या मारतात. आमच्या चाचांनी माश्या बांधायला घेतल्या. चिकनच्या दुकानातून कोंबड्याची पिसं आणायची, ती दोऱ्याने आकड्याभोवती गुंडाळायची आणि त्या खोट्या माशीला फसून मासा आलाच तर आकडा काढून त्याला परत पाण्यात सोडायचं. कोल्हापुरात राहून हातात आलेला मासा सोडणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आमच्या गल्लीने पाहिला, आणि याला कधीतरी खांबावर जोराचा शॉक बसला असणार, असं एकमताने ठरवून टाकलं.

हे खूळ त्यांच्या न्यूझीलंडच्या जावयाने आणलं. सुट्टीला येताना त्याने काठी, रीळ, लाइन असा सगळा संसार आणला, सासऱ्याला आठ दिवस शिकवलं आणि तो निघून गेला. मी शेजारी, त्यात कॉलेजात इंग्रजी शिकवणारा. म्हणून खोक्यांवरचं इंग्रजी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या पदवीचा अखेर कुणाला तरी उपयोग झाला.

पहिली लाइन एका उन्हाळ्यात बाद झाली. ती थंड पाण्यासाठी केलेली होती. चैत्राच्या उन्हात कळंब्याच्या तळ्यावर ती काकवीसारखी चिकट झाली आणि काठीच्या कड्यांतून सरकेना. मी नवी मागवायला मोबाइल उघडला तर चाचांनी हात धरला.

"सर, रंग बघून घिऊ नका. वरचं कवर कसलं हाय, आत सूत कसलं हाय, आन् गरम देशाची हाय का, तेवढं बघा. उन्हात मऊ पडली की गेली."

आम्ही तीन रविवार शोधत होतो. माझं लग्न यापेक्षा कमी चौकशीत ठरलं होतं.

लाइन आली आणि नियम सुरू झाले. नदीवरून आलं की कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब आणि मऊ फडकं घेऊन आधी लाइनची आंघोळ, मग चाचांची. गाडीच्या डिकीत ठेवायची नाही, तापते. पायाखाली येऊ द्यायची नाही. पेट्रोलचा हात लावायचा नाही. डासांचं मलम चोपडलेला हात तर नाहीच, त्याने कवर विरघळतं. तेव्हा नदीकाठी डास आम्हाला फोडून खात आणि आम्ही लाइनच्या आरोग्यासाठी रक्तदान करत उभे. रिळावर घट्ट राहिली तर तिला वळ्या पडतात, म्हणून घरी ती चाचींच्या परातीत सैल वेटोळी करून ठेवलेली असे.

"सर, निकाहानंतर मला बी एवढं जपलं न्हवतं," चाची म्हणायच्या.

"तू कुटं तुटणार हाईस!" चाचा परातीतून नजर न काढता सांगायचे.

खरं काम रविवारचं. ताणलेली लाइन चिमटीतून टोकापर्यंत सरकवायची आणि कवरला कुठे चीर गेलीय का ते शोधायचं. अशी चीर डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागते. तिथून पाणी आत शिरतं, लाइन बुडायला लागते आणि एक दिवस तिथेच तुटते. चाचांच्या बोटांना ती केसाएवढी चीरही सापडायची. नोकरीत तारा तपासून तयार झालेली बोटं ती. त्या बोटांचा त्यांना फार अभिमान होता आणि खरं सांगायचं तर मलाही होता.

मग चाचांना साखर निघाली. पुढच्या पावसाळ्यानंतर एका रविवारी त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं.

"आज तुमी बघा की. माझ्या बोटांस्नी कायबी लागंना झालंय."

हे त्यांनी चाचींनाही सांगितलेलं नव्हतं.

भोगावतीच्या एका वळणावर, खडकाच्या सावलीत, एक खडस राहायचा. खडस म्हणजे आमच्या नद्यांतला पैलवान मासा. दोन वर्षं चाचा त्याच्या मागे होते आणि दोन वर्षं तो त्यांच्या माश्यांकडे बघून आत जायचा. चाचांना तो खायचा नव्हता. एकदा दोन्ही हातांत धरायचा होता आणि सोडायचा होता.

"बोटं पुरती मरायच्या आत एकदा हाताला लागू दे," ते त्याच सकाळी म्हणाले. "फुडं जाड तंगूस बांधलाय, त्यो काय तुटत न्हाय. तुटली तर लाइनच तुटंल. नीट बघा."

मी बघितली. म्हणजे नव्वद फूट लाइन दोन मिनिटांत चिमटीतून ओढून काढली. ऊन चढत होतं, पोटात काही नव्हतं, घरी पेपरांचा गठ्ठा पडला होता आणि एका दोरीवर विद्वत्ता दाखवायचा मला कंटाळा आला होता.

"एकदम गुळगुळीत आहे, चाचा."

त्या दिवशी खडसाने माशी घेतली. लाइन सळसळत गेली, काठी वाकली, चाचा गुडघाभर पाण्यात उभे राहून "या पावणं, या!" म्हणून हसत होते. मासा दोनदा वर आला. दुसऱ्यांदा तो इतका जवळ होता की मी खाली बसून हात पुढे केले. आणि लाइन सैल पडली. तंगुसाच्या गाठीच्या मागे वीतभर अंतरावर ती तुटली होती.

चाचांनी तुटकं टोक बोटांत धरलं आणि बराच वेळ चोळलं. त्यांना काहीच लागलं नसणार.

"माझाच पाय पडला असंल खडकावर," ते म्हणाले.

"असेल," मी म्हणालो. इंग्रजीच्या प्राध्यापकाला त्या क्षणी एवढाच शब्द सुचला.

त्यानंतर ते नदीवर गेले नाहीत. रविवार शांत झाले आणि गल्लीला बरं वाटलं. मला मात्र ती शांतता सोसेना. महिन्याभराने मी त्यांच्या पायरीवर जाऊन बसलो.

"चाचा, त्या दिवशी मी लाइन नीट बघितली नव्हती."

"म्हाईत हाय की."

"कसं?"

"तुमची बोटं कुटं थांबलीच न्हाईत. बघणारा माणूस कुटंतरी थांबतोय."

"मग गेलात कशाला? पुन्हा बघा म्हणायचं होतं मला."

चाचा हातावर हात चोळत राहिले.

"तुमी बरी हाय म्हणलासा. मला बी त्येच ऐकायचं हुतं, सर. चीर गावली असती तर जाणं ऱ्हायलं असतं. आन् फुडच्या टायमाला बोटं असली असती का, कुणाला ठावं?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

संक्रांतीच्या आधी चाचा गेले. हृदयाने, बसल्या जागी. नंतर एका दुपारी चाचींनी मला बोलावून रीळ हातात दिलं. जावई आला होता आणि लाइन आठवण म्हणून घेऊन जायचं म्हणत होता.

"चांगली हाय का बघा तेवढं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी पायरीवर बसून लाइन मांडीवर उलगडत गेलो. डोळे मिटून वीत वीत बघितली. ऊन पायरीवरून सरकून अंगणात गेलं तरी माझं संपलं नव्हतं. चाची चहा घेऊन आल्या.

"कशी हाय?"

"तीन ठिकाणी चीर गेलीय," मी म्हणालो आणि खूण करायला त्यांच्याकडे काळा दोरा मागितला.