खदखदीचं कूळ

झाकणाखाली भात शिजत असतो तेव्हा स्वयंपाकघरात एक सावकाश, जाडसर, तृप्त नाद भरून राहतो. त्या नादाला ‘खदखद’ म्हणायचं हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल? मी जन्मभर शाळेत मराठी शिकवली, त्यामुळे असले प्रश्न मला पडतात आणि घरातले बिचारे ते ऐकून घेतात. बुडबुडा संस्कृतातल्या बुद्बुदाचा वंशज, कढणं आणि काढा ‘क्वथ्’ धातूच्या कुळातले. पण खदखदीला ना आई ना बाप, ती थेट पातेल्याच्या पोटातून जन्मली. आणि आपल्या भाषेची ऐट तरी केवढी! पाणी खळखळतं, आमटी रटरटते, भात खदखदतो आणि मनातला राग, तोही खदखदतोच.

माझ्या सासूबाई मिठागराकाठच्या. उमेळ्याच्या या इमारतीत आलो तरी त्यांचा स्वयंपाक कानानेच चाले. झाकण उचलून बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. भात बोलायला लागला म्हणत त्या गॅस बारीक करत आणि भात मोकळा, मऊ उतरे. मग हळूहळू कान गेले. भात करपला, पुन्हा करपला, आणि एके दिवशी त्या गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसल्या. स्वयंपाकघर माझ्या हाती आलं खरं, पण त्यांना तसं बसलेलं मला बघवत नसे. त्यांचं राज्य त्यांना परत मिळावं, एवढंच मला हवं होतं.

गेल्या महिन्यात तुळिंजहून कानाचं मशीन आणलं. सुरुवातीला नुसता त्रागा! रिक्षांचे हॉर्न, मिक्सर, जिन्यातल्या पोरांचं अर्धं हिंदी अर्धं मराठी भांडण, सगळं एकदम डोक्यात शिरायचं. हे परत देऊन टाक, म्हणाल्या. मी हो म्हटलं, पण जीव खट्टू झाला.

रविवारी दुपारी त्यांच्या कानातलं मशीन काढून परत द्यायला निघणार, तोच गॅलरीतून त्यांचा आवाज आला, “गॅस बारीक कर गो, भात उतू चालला!”

माझं काळीज चर्र झालं. आमच्या शेगडीवर काहीच नव्हतं. मशीनची घरघर त्यांना भातासारखी वाटली की काय? आता हे त्यांना कसं सांगावं, असा विचार करत मी बाहेर गेले. पाहते तर त्या कठड्यावरून वाकून शेजारच्या खिडकीकडे बघत होत्या. शेजारची आग्नेस चर्चमधल्या मिस्साहून येऊन, भात लावून, फोनवर रंगली होती. खिडकीतून तिचं उत्तर आलं, “केला बारीक, काकी.”

भिंतीपलीकडची खदखद! मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. सासूबाईंनी मात्र माझ्याकडे लक्ष न देता पदर खोचला.

“सर बाजूला. आपला आधन मी ठेवते.”

थोड्याच वेळात आतून तो जाडसर, तृप्त नाद येऊ लागला. झाकण उचलून बघावं म्हणून मी पुढे झाले, तर त्यांनी मला माझ्याच स्वयंपाकघरातून हाकलून दिलं. इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.